४२९४९६७२९७ प्राइम आहे का? तीन प्रोग्राम, तीन उत्तरं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ४२९४९६७२९७ हा नंबर प्राइम (मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारा) आहे का ते बघायला तू तीन प्रोग्राम लिहिलेस, पायथनवाल्याने २ हा पाया घेऊन फर्मा टेस्ट केली आणि "प्राइम असावा" म्हणाला, सी मधला अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेला) ६४ बिटवाला तीच टेस्ट करून बाकी ० काढतो म्हणून "प्राइम नाही" म्हणाला, आणि ३२ बिट व्हेरिएबलवाल्याने तर सरळ "नंबर १ आहे" असं छापलं. आणि आता विचारतोयस की सर, यातलं कुठलं धरू.

एकही धरू नकोस. मधल्याचा निकाल बरोबर आहे पण कारण साफ चुकीचं, आणि माझ्या अनुभवात चुकीच्या कारणाने आलेलं बरोबर उत्तर हे सगळ्यात वाईट, कारण ते कोणी परत तपासत नाही. नंबर प्राइम नाहीये. ६४१ × ६७००४१७ एवढाच होतो तो, दोन्ही अवयव मूळ संख्या, पुढे काही फुटत नाही. भाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि तो स्वतः.

पण तुझे तिन्ही प्रोग्राम का घसरले हे बघण्यात खरी मजा आहे, कारण तिघांची भानगड एकच आहे. ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ असं वाचलं तर काहीच कळत नाही, पण हा म्हणजे २^३२ + १ आहे (^ म्हणजे घात). नुसता २ चाच बनलाय, वर एक चिकटवलाय. आणि तू त्याला तपासायला घेतलास कोण, तर २. कॉम्प्युटर मोजतो कशात, तर २ च्या घातांमध्ये. चोराच्या घरची चौकशी चोराच्या भावाकडे केल्यासारखं झालं ते.

आधी पायथनवाला घे. फर्मा टेस्ट सांगते की प हा प्राइम असेल आणि पाया त्याच्या पटीत नसेल तर पायाचा (प−१) वा घात भागिले प केल्यावर बाकी १ उरते. उलटं खरं असेलच असं नाही, बाकी १ आली म्हणून प्राइम नाही ठरत, हे पुस्तकात असतं पण वाचून सोडून देतो आपण. आता इथे प−१ म्हणजे बरोब्बर २^३२, म्हणजे २ घ्यायचा आणि ३२ वेळा वर्ग करत जायचं, दर वेळी बाकी काढायची. करून बघ: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पाच वेळा वर्ग केल्यावर आपण नंबरपेक्षा एकने कमी अशा जागी पोचलो, म्हणजे बाकीच्या भाषेत −१. सहावा वर्ग केला की १. आणि एकदा १ आला की पुढचे २६ वर्ग म्हणजे १, १, १, १. टेस्ट पास!

यात आपल्या नंबरच्या प्राइम असण्या-नसण्याचा कुठे संबंध आला का? कुठेच नाही. २^(२^न) + १ अशा आकाराच्या कुठल्याही नंबरवर (यांना फर्मा नंबर म्हणतात, आपला पाचवा, मी एफ५ म्हणेन, मोजणी ० पासून) ही टेस्ट २ ने केली तर ती पास होणारच, नंबर प्राइम असो नाहीतर दहा तुकड्यांचा. म्हणजे टेस्ट चुकली असंही नाही, तिने काही माहितीच दिली नाही. मिलर-राबिन (फर्मा टेस्टचीच जास्त कडक बहीण) वापरली असती तरी हेच, कारण ती बघते की १ येण्याच्या आधी −१ आला का, आणि तो तर इथे अगदी शिस्तीत आलाय.

आता किती पाये असे फसवतात ते पण मोजता येतं, हा हिशोब मला फार आवडतो. दोन्ही अवयवांतून १ वजा कर: ६४० म्हणजे २^७ × ५, आणि ६७००४१६ म्हणजे २^७ × ५२३४७. प−१ हा नुसता २ चा घात असल्यामुळे दोन्हीशी त्याचा मसावि १२८ येतो, म्हणून फर्मा टेस्ट पास करणारे पाये १२८ × १२८ = १६३८४. सव्वाचार अब्जांपेक्षा जास्त पायांमधले फक्त १६३८४, म्हणजे साधारण २ लाख ६२ हजारांत एक. मिलर-राबिनला फसवणारे अजून कमी, ५४६२. अशा पायांना आमच्यात लायर म्हणतात, खोटी साक्ष देणारे. म्हणजे डोळे मिटून कुठलाही पाया उचलला असतास तरी नंबर पकडला गेला असता, आणि तू नेमका तो उचललास जो सगळेच सवयीने पहिल्यांदा उचलतात.

सी वाल्याचं प्रकरण तर अजून भारी. अनसाइन्ड ६४ बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा २^६४ − १. तुझा लूप ४२९४९६७२९६ पर्यंत, म्हणजे २^३२ पर्यंत नीट पोचला, मग त्याने त्याचा वर्ग केला, तो होतो २^६४, म्हणजे मर्यादेच्या बरोब्बर एक पुढे. एकाने हुकलं! आकडा गुंडाळला जाऊन ० झाला, ० भागिले काहीही बाकी ०, आणि पुढे ० चे वर्ग शून्यच. म्हणून तुला ० दिसलं आणि प्रोग्रामने "१ नाही, म्हणजे प्राइम नाही" असा निकाल दिला. मी स्वतः बरेच वर्षांपूर्वी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, कारण निकाल बरोबर असल्यामुळे कोडवर शंकाच येईना. शंका यायला हवी होती ती ० वर: नंबर विषम आहे, २ च्या घाताला त्याने पूर्ण भाग जाणं शक्यच नाही, मग बाकी ० आलीच कशी. २ ने तपासताना विषम नंबरवर ० दिसला की आधी ओव्हरफ्लो शोधायचा, बाकी सगळं नंतर.

तिसरा प्रोग्राम पटकन संपतो. ३२ बिटमध्ये २^३२ म्हणजे शून्य, म्हणून २^३२ + १ म्हणजे १. संपलं. पण थांब, यातून एक गंमत निघते. ३२ बिटच्या दुनियेत ६४१ × ६७००४१७ = १ आहे, म्हणजे ते दोघं तिथे एकमेकांचे व्यस्त आहेत, जणू १/६४१ हा पूर्णांकच मिळाला. कंपायलरला भागाकार आवडत नाही, महाग पडतो, म्हणून एखाद्या ठरावीक आकड्याने भागायचं असेल तर तो मोठ्या जादूच्या आकड्याने गुणतो, खालचे ३२ बिट टाकून देतो आणि बहुतेक वेळा वर अजून थोडं शिफ्ट किंवा डागडुजी करतो. ६४१ ला ती डागडुजी लागत नाही. कुठलाही ३२ बिट आकडा घे, ६७००४१७ ने गुण, वरचे ३२ बिट ठेव, भागाकार तयार. ६४१००० घेऊन बघ: गुणाकार ४२९४९६७२९७०००, म्हणजे १००० वेळा २^३२ आणि वर १०००, वरचा अर्धा भाग १०००. २ चे घात सोडले तर इतकं सरळ हे फक्त आपल्या नंबरच्या अवयवांनाच जमतं, कारण गुणाकार २^३२ च्या पुढे फक्त एकने जातो, आणि एवढी चूक निभावते.

बरं, मग ६४१ सापडला कसा? इथे थोडा इतिहास येतो. १६४० मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने पत्रात लिहिलं की या आकाराचे सगळे नंबर प्राइम आहेत असं त्याला वाटतं. ३, ५, १७, २५७, ६५५३७ हे पहिले पाच खरंच प्राइम आहेत, सहावा म्हणजे आपला एफ५, आणि इथेच गाडी रुळावरून घसरली. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून हे विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ दाखवून विषय मिटवला.

लोकांना वाटतं की ऑयलरने ३, ७, ११, १३ असं भागत भागत ६४१ पर्यंत मजल मारली असेल. तेवढी हमाली लागत नाही. समजा प हा मूळ अवयव आहे. मग प च्या बाकीत २^३२ म्हणजे −१, आणि २^६४ म्हणजे १. म्हणजे २ ला परत १ वर यायला बरोब्बर ६४ पावलं लागतात, ३२ मध्ये नाही येत. आणि ही पावलं प−१ ला पूर्ण भागतात (हे फर्माच्याच प्रमेयातून येतं). म्हणून प हा ६४क + १ असाच असणार. यादी काढ: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातले मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवाच प्रयत्न! पुढे १८७८ मध्ये ल्युकाने दाखवलं की ६४ ऐवजी १२८ च घेता येतो, कारण अशा प च्या बाकीत २ हा स्वतःच कोणाचा तरी वर्ग असतो आणि त्या कोणाला दुप्पट पावलं लागतात. मग यादी होते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१, त्यात मूळ २५७ आणि ६४१ दोनच, आणि २५७ हा स्वतः फर्मा नंबर असल्याने तो एफ५ ला भागत नाही हे आधीच माहीत (का ते खाली येतं). म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१.

फर्माला हे दिसलं कसं नाही हे मला अजून कोडं वाटतं. पायऱ्या सगळ्या त्याच्याच हातातल्या, ते प्रमेय पण त्याने १६४० मध्येच पत्रात कळवलं होतं, पाच भागाकार करायचे होते फक्त.

याच चाळणीने ६७००४१७ मूळ आहे हेपण हाताने सिद्ध होतं. त्याचा कुठलाही मूळ अवयव एफ५ चाही अवयव, म्हणून १२८क + १, आणि त्याचं वर्गमूळ साधारण २५८८. तिथपर्यंतचे उमेदवार २५७ सोडून ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. भागून बघ, बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही ० नाही, झालं सिद्ध. चार भागाकारांत सदुसष्ट लाखांचा नंबर मूळ ठरवला आपण, कॅल्क्युलेटर पण नको.

६४१ भागतो हे भागाकार न करताही दाखवता येतं, हे मी शिकवताना फळ्यावर दर वेळी करतो. ६४१ दोन प्रकारे लिही: ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६). पहिल्यावरून ६४१ च्या बाकीत ५ × २^७ म्हणजे −१. चौथा घात घे: ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्यावरून ५^४ म्हणजे −२^४, ते आत टाक: −२^३२ म्हणजे १. झालं की, २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. हवं तर दुसरा अवयवसुद्धा यातून बाहेर पडतो: २^२८ मधून (६४०^४ − १) भागिले ६४१ वजा कर, म्हणजे २६८४३५४५६ − २६१७३५०३९, आणि ते बरोब्बर ६७००४१७.

आणि एक गोष्ट राहून जायला नको. झेरा कोलबर्न म्हणून एक अमेरिकन पोरगा होता, १८०४ चा जन्म, तोंडी हिशोबासाठी गाजलेला. १८१२ मध्ये, वय वर्षं आठ, लंडनमध्ये त्याला हाच नंबर देऊन अवयव विचारले आणि त्याने तोंडी ६४१ आणि ६७००४१७ सांगितले असं नोंदलेलं आहे.

आता मला स्वतःला सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट, दोन वर्गांची बेरीज. ६५५३६^२ + १^२ = आपला नंबर, हे तर समोर दिसतंच. पण तो अजून एका प्रकारे पण लिहिता येतो: ६२२६४^२ + २०४४९^२. कर बेरीज, ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१, बरोबर ४२९४९६७२९७. (२०४४९ म्हणजे १४३ चा वर्ग निघतो, हा निव्वळ योगायोग आहे की काय कोण जाणे, पण बघायला छान वाटतो.) आणि नियम असा की मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत जास्तीत जास्त एकाच प्रकारे लिहिता येते. दुसरा प्रकार सापडला की ती मूळ नाही, खटला तिथेच निकालात.

एवढंच नाही, दोन प्रकार हातात असले की अवयव पण मिळतात. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८, यांचा मसावि ८. आता बेरजा घे, ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०, यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि अर्धे कर, ४ आणि २५, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१!! आणि ३२७२ व २०४४८ ला ८ ने भागलंस की ४०९ आणि २५५६, त्यांच्या वर्गांची बेरीज १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. ही पद्धत ऑयलरची. पहिल्यांदा मी हे कागदावर केलं तेव्हा शेवटची बेरीज दोनदा तपासली होती, विश्वासच बसेना.

वर २५७ बद्दल जे उधार ठेवलं होतं ते आता. आपल्या नंबरमधून २ काढ, ४२९४९६७२९५. हा शेजारी म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, आधीचे पाचही फर्मा प्राइम एकापुढे एक उभे. २^३२ − १ ला (२^१६ − १)(२^१६ + १) असं फोडत गेलं की हे आपोआप येतं. म्हणून २५७ ने एफ५ ला भागलं तर बाकी २ च येणार, ३ ने पण २, १७ ने पण २. एफ५ आधीच्या कोणाशीच अवयव वाटून घेत नाही.

या शेजाऱ्याची स्वतःची प्रसिद्धी आहे. १७९६ मध्ये गाउसने, वय १८, दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेला) नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. विषम बाजूंचे असे बहुभुज म्हणजे वेगवेगळ्या फर्मा प्राइमचे गुणाकार, आणि माहीत असलेले प्राइम पाचच असल्यामुळे असे ३१ बहुभुज होतात, त्यातला सगळ्यात मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. आपला नंबर प्राइम असता तर तो पण या यादीत बसला असता, फर्माचा अंदाज खरा ठरता तर यादी संपलीच नसती. पण एफ५ ने घात केला आणि त्यानंतर आजवर एकही नवा फर्मा प्राइम मिळालेला नाही. एफ५ ते एफ३२ सगळे संयुक्त ठरलेत, एफ३३ चा निकाल लागलेला नाही. एफ६ पण असाच फुटला, २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१, १८८० मध्ये लांद्रीने काढलं ते, तेव्हा त्याचं वय ऐंशीच्या वर होतं.

बाकीचे किरकोळ गुण विचारले होतेस तेही देऊन टाकतो: भाजकांची बेरीज ४३०१६६८३५६, ऑयलरचं फाय (या नंबरपर्यंतचे, त्याच्याशी १ सोडून एकही सामाईक अवयव नसलेले आकडे किती) ४२८८२६६२४०, अंकांची बेरीज ५९. शेवटची आवडत असेल तर ठेव, मला तिच्यात फार काही दिसत नाही. त्यापेक्षा काटकोन त्रिकोण बघ, ४२९४९६७२९५ आणि १३१०७२ या बाजू घेतल्या की कर्ण बरोब्बर ४२९४९६७२९७.

आता कोड दुरुस्त करायचं. पाया २ सोडून ३ घे. फर्मा नंबरसाठी ३ हा अगदी खास पाया आहे, १८७७ मध्ये पेपाँने त्यावरच टेस्ट बसवली: ३ चे एक कमी वर्ग कर, म्हणजे इथे ३१, आणि −१ आला तरच प्राइम. एफ५ ला तिथे १०३२४३०३ येतो, −१ च्या आसपास पण नाही. अजून एक वर्ग केलास की तुझी साधी फर्मा टेस्ट पूर्ण होते, बाकी ३०२९०२६१६०, आणि ती १ नाही, म्हणून नंबर प्राइम नाही, आणि या वेळी कारणसुद्धा बरोबर. सी मध्ये अनसाइन्ड ६४ बिटच ठेव, तिथे गुणाकार फुटायला मधली बाकी बरोब्बर २^३२ यावी लागते आणि ३ घेतल्यावर ती येत नाही. साइन्ड मात्र नको, त्यात बाकी ३०३७०००४९९ च्या वर गेली की वर्ग मावत नाही. दोन्ही प्रोग्राम चालव, दोन्हीत ३०२९०२६१६० दिसायला हवा, एकातही वेगळा आकडा आला तर लूपमध्ये दर वर्गानंतरची बाकी छाप आणि पायथनच्या शेजारी ठेवून बघ पहिला फरक कुठल्या पायरीला पडतोय.